सातव्या होलचा नवा नियम

गोल्फचे मुख्य नियम सगळीकडे सारखेच असतात, पण प्रत्येक मैदानाचे स्वतःचे असे काही वेगळे नियम असतात. त्यांना स्थानिक नियम म्हणतात. आमच्या क्लबाचे स्थानिक नियम मी सलग चौदा वर्षं टाइप केले. कावळ्याने चेंडू पळवला तर त्याच जागी दुसरा ठेवावा, दंड नाही. पाण्याच्या नळीला चेंडू टेकला तर नळी हलवावी, चेंडू नाही. काठीचा आधार दिलेल्या लहान झाडाजवळ चेंडू थांबला तर तो उचलून बाजूला टाकावा, झाडाला धक्का लावू नये. आज चष्मा कुठे ठेवला ते मला आठवत नाही, पण ते सगळे नियम पाठ आहेत.

झाडाचा तो नियम सासूबाईंमुळे आला होता. मैदानाची रोपवाटिका त्यांच्या ताब्यात होती. आमचे हे गवत कापायच्या यंत्रांचे मिस्त्री. मी ऑफिसात टायपिस्ट. म्हणजे आमच्या घरातली तिन्ही माणसं त्या हिरवळीवर दिवस काढायची, पण खेळायची परवानगी आम्हा नोकरमाणसांना फक्त सोमवारी सकाळी दोन तास होती, कारण तेव्हा मैदान देखभालीसाठी बंद असायचं. त्या दोन तासांत मी खेळायला शिकले. काठ्या सगळ्या हरवल्या-सापडल्याच्या कपाटातल्या, एकीला दुसरीचा मेळ नाही. यांनी त्यांच्या मुठी नव्याने गुंडाळून दिल्या. "आता यांना एका घरातल्या सख्ख्या बहिणी समज," म्हणाले.

क्लबाला पन्नास वर्षं झाली त्या साली दोन दिवसांची मोठी स्पर्धा ठेवली होती. जाहिरातीत सेक्रेटरीसाहेबांनी हौसेने लिहून घेतलं होतं, 'क्लबाशी संबंधित सर्वांसाठी खुली.' ती ओळही मीच टाइप केली होती. दुसऱ्या दिवशी माझा अर्ज त्यांच्या टेबलावर गेला. बक्षीस होता एक कप, आणि त्याच्याबरोबर वर्षभर कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी खेळायची मुभा. बाकीच्यांना ती मुभा होतीच, म्हणून त्यांची नजर कपावर. मला कप ठेवायला घरात जागा नव्हती. मला ते वर्ष हवं होतं.

साहेबांनी अर्ज बघितला, मला बघितलं. "तुम्ही खेळता?"

"हो साहेब."

"वा, वा. जरा गंमत येईल लोकांना," म्हणाले आणि सही केली.

पहिल्या दिवशी गंमत आली. ज्याच्या-त्याच्या कुवतीप्रमाणे मिळणारी सूट वजा करून सगळ्यात कमी फटके माझे भरले. दुसऱ्या नंबरावर दातांचे डॉक्टर होते, तीन फटके मागे. क्लबाच्या स्पर्धा ते तीनदा जिंकलेले. मी पुढे गेले ती सातव्या होलमुळे.

सातवा होल, म्हणजे मैदानाच्या अठरा टप्प्यांतला सातवा, कोपरासारखा वळतो. चेंडू पहिल्यांदा मारायची जागा, म्हणजे टी, उंचावर. तिथून सरळ जायचं, मग उजवीकडे वळायचं, मग ग्रीन, म्हणजे ज्या बारीक हिरवळीत भोक असतं ती जागा. आणि कोपराच्या आतल्या बाजूला सासूबाईंची रोपवाटिका. सगळे बिचारे वळसा घालून जायचे. मी रोपवाटिकेच्या मधल्या विटांच्या वाटेवर चेंडू टाकला. तिथून ग्रीन एका फटक्यात. ती वाट किती रुंद आहे, कुठे वीट उचकटली आहे, हे मला माहीत होतं. लग्न झाल्यापासून दर रविवारी मीच ती झाडत होते.

चार वाजता मी खेळायच्या बुटांतच ऑफिसात आले, तर साहेब टाइपरायटरपाशी उभे.

"बाई, एक नवीन स्थानिक नियम घ्या. सांगतो. सातव्या होलवर खेळताना, पांढऱ्या खुंट्यांच्या आतली रोपवाटिका हद्दीबाहेर समजावी. तिथे थांबलेला चेंडू बाद. एका फटक्याचा दंड घेऊन पुन्हा टीवरून मारावा."

मी कागद चढवला नाही. "कधीपासून, साहेब?"

"उद्यापासून."

"अर्धी स्पर्धा झाली."

"कमिटीला अधिकार आहे. रोपांचं नुकसान होतंय."

"आईंना विचारलंत? एक पान तुटलेलं नाही."

"तुम्ही टायपिस्ट आहात ना? मग टाइप करा."

आजूबाजूला दोन कारकून होते, त्यांनी मान खाली घातली. माझ्या मनात आलं, उठून जावं. पण मी गेले असते तर त्यांनी दुसऱ्या कोणाकडून तरी तो करून घेतला असता, आणि तो चुकांसकट भिंतीवर लागला असता. मी कागद चढवला. जसा सांगितला तसा, एक शब्द इकडचा तिकडे न करता उतरवला.

"अजून काही घालायचंय का?"

"नको. एवढं पुरे."

मी कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी सही केली आणि स्वतः जाऊन फळ्यावर लावला. माझ्याविरुद्धचा नियम मीच नीटनेटका करून दिला, हे घरी सांगितलं तेव्हा हे इतके चिडले की हातातला पाना आपटला. सासूबाई मात्र शांतपणे पाय पसरून बसल्या होत्या.

"आज संध्याकाळी माझ्या वाफ्यांभोवती खुंट्या ठोकून गेले ते लोक," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, अरे बाबांनो, रोपांना कोंडताय की माझ्या सुनेला? तर हसतात मेले."

"फिरून जाईन, आई. पाच फटके लागतील. सगळ्यांना पाचच लागतात."

"आणि वरून?"

"वरून?"

"चेंडू माझ्या वाफ्यांत पडलाच नाही तर? सगळ्यावरून पलीकडे गेला तर? तूच वाचून दाखवलंस ना, थांबलेला चेंडू म्हणून. आभाळात कुठे खुंट्या ठोकल्यात त्यांनी?"

हे मला म्हणाले, "पलीकडे म्हणजे पावणेदोनशे पावलं. एवढा लांब तू सोमवारी कितीदा मारलायस?"

"दोनदा."

"कितीतून?"

सासूबाई म्हणाल्या, "मोजणी कसली करतोस रे, तिला झोपू दे."

दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन नंबरांवरचे म्हणून मी आणि डॉक्टर एकत्र खेळायला निघालो. आमच्या खेळात एक रीत आहे: आपले फटके आपण लिहायचे नाहीत, ते जोडीदाराने लिहायचे. शेवटी त्याच्या सहीशिवाय कार्ड बाद. माझं कार्ड डॉक्टरांच्या खिशात, त्यांचं माझ्या. माझी पिशवी यांच्या खांद्यावर.

डॉक्टर चांगला माणूस, पण जिंकायला आलेला. पहिल्या सहा होलांत त्यांनी एक फटका भरून काढला. फारसं बोलत नव्हते. एकदाच म्हणाले, "बायकोने कपाटातली फुलदाणी हलवून कपासाठी जागा करून ठेवलीय. ताण आहे हो, बाई."

सातव्याच्या टीवर बरीच माणसं जमली होती. साहेब पुढेच उभे, हाताची घडी घालून. खाली रोपवाटिकेत सासूबाई उलट्या घमेल्यावर बसलेल्या, जशा काही त्यांच्यासाठीच हा तमाशा मांडलाय.

डॉक्टरांनी सरळ मारला, छान, वळणाच्या तोंडाशी. मग मी पिशवीतली सगळ्यात लांब काठी मागितली. यांनी ती लगेच दिली नाही. मुठीवर हात तसाच ठेवून हळूच म्हणाले, "फिरून गेलीस तरी दोनाने पुढे आहेस. नीट विचार कर."

विचार केला होता. फिरून गेले असते तर कदाचित जिंकलेही असते. पण मग पुढच्या साली कोणी माळीण, कोणी मिस्त्री पुढे आला असता तर त्याच्यासाठी आणखी एक कागद निघाला असता, आणि तो टाइप करायला मीच बसले असते. यांच्या हातातून मी काठी ओढून घेतली.

पहिला चेंडू गेला उंच, पण कमी पडला. सासूबाईंच्या दोन हात अलीकडे, कुंड्यांच्या रांगेत. त्यांनी तो उचलला नाही, नुसता बघितला. मागून कोणीतरी हसलं. साहेब म्हणाले, "बाद. दंडाचा एक. आता तिसरा फटका, बाई. समोर मोकळी जागा आहे बरं का."

माझे कान तापले. यांनी दुसरा चेंडू हातात दिला. मी तोंड फिरवलं, ते पुन्हा रोपवाटिकेकडेच.

"काय हट्टी बाई आहे," कोणीतरी म्हणालं. त्यांचं बरोबर होतं.

फटका बसला तेव्हा हाताला काहीच जाणवलं नाही, म्हणून मला कळलं की तो बरोबर बसला. चेंडू वाफ्यांवरून गेला, घमेल्यावरून गेला, सासूबाईंची मान त्याच्याबरोबर वळत गेली, आणि शेवटच्या खुंटीच्या चार पावलं पलीकडे तो गवतावर पडला, पळाला आणि थांबला. सासूबाई उठून उभ्या राहिल्या आणि एवढ्या मोठ्याने ओरडल्या, "पलीकडे गं!" की डॉक्टर दचकले.

"तोही बाद," साहेब म्हणाले.

डॉक्टर वळले. "का?"

"हद्दीबाहेरून गेला ना."

"थांबलाय हद्दीत."

"ते कमिटी बघेल. शेवटी बघू."

मी पुढच्या फटक्याला ग्रीनवर गेले आणि एका फटक्यात भोकात घातला. पाच झाले. डॉक्टरांचेही पाच. एवढं सगळं करून मी फिरून गेले असते तिथेच होते. पण उरलेले अकरा होल मी डोक्यावर ती टांगती तलवार घेऊन खेळले, आणि खरं सांगायचं तर त्या रागाने जास्त चांगली खेळले. अठराव्यावर डॉक्टरांचा छोटासा फटका भोकाच्या कडेवरून फिरून बाहेर आला. मी एकाने पुढे राहिले.

क्लबाच्या हॉलमध्ये टेबलामागे साहेब बसले होते. मी डॉक्टरांचं कार्ड सही करून ठेवलं. डॉक्टरांनी माझं खिशातून काढलं, तेवढ्यात साहेब म्हणाले, "डॉक्टर, जरा थांबा. सातव्याचा आकडा वादातला आहे. तुम्ही सही केली नाहीत तर कार्ड आपोआप बाद. कोणाला काही बोलायला नको. कप तुमचा."

डॉक्टर पेन हातात धरून उभे. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि ते काही फार उदात्त नव्हतं. त्यांना कप हवा होता.

मी म्हटलं, "साहेब, फळ्यावरचा कागद आणू का? मी वाचते. 'तिथे थांबलेला चेंडू बाद.' थांबलेला."

"त्याचा अर्थ तिकडून जायचंच नाही असा होता."

"तो तुमच्या मनात असेल. तुमच्या मनातलं मला टाइप करता येत नाही. तुम्ही बोललात ते मी केलं. अजून काही घालायचंय का, तेही विचारलं. एवढं पुरे म्हणालात."

"बाई, तुम्ही कोणाशी बोलताय याचं भान आहे का?"

"आहे. कालही होतं. म्हणून तर काल टाइप केलं."

डॉक्टरांनी एक मोठा श्वास सोडला. "च्यायला," ते म्हणाले, हॉलमध्ये बायका होत्या तरी. "साहेब, मी दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालतो, पण कोणाच्या तोंडचा घास कधी काढला नाही. पाच म्हणजे पाच." आणि त्यांनी सही केली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ती फुलदाणी परत ठेवायला लावणार आहे मी बायकोला. तुम्ही येऊन समजवा."

कप मला मिळाला. सासूबाईंनी तो बघितला, आत बोट घालून खोली पाहिली, आणि दाराशी ठेवून दिला. छत्र्या ठेवायला बरा, म्हणाल्या.

पुढच्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता मी रजेचा अर्ज साहेबांपुढे ठेवला. दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंही बोलले नव्हते. अर्ज वाचता वाचता त्यांची भुवई चढली.

"कारण: गोल्फ खेळण्यासाठी?"

"हो."

"असं लिहितात का कोणी? घरगुती काम लिहा."

"घरी काही काम नाही, साहेब."

"लोक काय म्हणतील? उद्या माळी असं लिहील, परवा मिस्त्री लिहील."

"त्यांचेही मीच टाइप करून देईन."

खिडकीतून पहिली टी दिसत होती, तिथे चार सभासद आपली पाळी यायची वाट बघत उभे होते. साहेबांनी पेन उचललं आणि समासात लिहिलं, 'अर्धा दिवस मंजूर.'

मी कागद उचलला नाही. "अठरा होलांना अर्धा दिवस पुरत नाही."

"बाई!"

"आणि उद्याही येणार आहे मी मैदानावर. परवाही. वर्षभर रोज अर्धा-अर्धा लिहीत बसाल का? आजचा पूर्ण लिहा, उद्यापासून मी कामाआधी येऊन जमतील तेवढे होल खेळेन. तुमचाही कागद वाचेल."

त्यांनी 'अर्धा' खोडलं, वर 'पूर्ण' लिहिलं, आणि खोडलेल्या जागी पुन्हा वेगळी सही केली, नियमाप्रमाणे. तो अर्ज मी स्वतः फायलीत लावला, टाइपरायटरवर आच्छादन घातलं, आणि पिशवी खांद्याला लावून सभासदांच्या पुढच्या दाराने बाहेर पडले.