बिनसुईची बाटली

बुदिमिरला मी आमच्याच कोठीघरात पकडलं. लोणच्याच्या बरण्यांमागे उभा, शर्ट वर खोचलेला आणि इन्सुलिनच्या पेनाची सुई पोटात.

बुदिमिर आमचा कूम, मी त्याची कुमा. बाप्तिस्म्याला माझ्या दुन्याला त्याने हातांवर धरलं, तिचं नाव त्याने ठेवलं. आमच्या सर्बियात देवाखालोखाल कूम. त्याला नाही म्हटलं तर गाव तोंडात शेण घालतं.

दुन्या दहा वर्षांची. सहाव्या वर्षापासून दिवसाला चार सुया. दर तपासणीला मी डॉक्टरीणबाईंना विचारायचे, सुईशिवाय काही निघालं का? त्या सांगायच्या, तोंडाने ओढायची भुकटी परदेशात मिळते, पण मोठ्यांसाठी. दाबाने औषध कातडीत मारणारं यंत्रही आहे, पण तेही काही कमी दुखत नाही. थांबा. चार वर्षं मी थांबले होते. सुईऐवजी जिभेखाली मारायच्या फवाऱ्याची ती बाटली कूमने माझ्या हातात दिली असती तर मीही भुलले असते कदाचित. म्हणून तर जास्त संताप येतो.

त्याने ती दिली माझ्या नवऱ्याला, रादोयेला. संत निकोलाच्या दिवसाच्या आधी. आमच्या घराण्याचा तो संत. त्या दिवशी आमंत्रण नसतं, सगळा गोतावळा आपणहून येतो. दोन दिवस मी कोपरापर्यंत माशांच्या खवल्यांत. रादोये म्हणाला, "सुयांचं मी बघतो, तू मासे बघ." मला वाटलं, चला, बापाला पान्हा फुटला.

सणाच्या दुपारी पाहुणे येऊन बसले होते. दुन्याला बोलवायला गेले तर पोरगी खाटेवर पडलेली, ओठ सुकलेले, उलटी झालेली. श्वासाला सडक्या सफरचंदाचा वास. तो वास मी जन्मात विसरणार नाही; पहिल्यांदा दवाखान्यात नेली तेव्हा तोच होता.

"तिला सुई कधी दिलीस?"

रादोये खाली बघत म्हणाला, "परवा सकाळी. त्यानंतर जिभेखाली फवारा. साखर आधी चढते, मग उतरते, असं कूम म्हणाले."

"आणि तू ऐकलंस?"

"कूमना खोटं कसं पाडणार?"

बाटलीत काय आहे ते विचारायला मी कूमला शोधत निघाले, तो सापडला कोठीघरात.

"कुमा, हळू बोल," पेन खिशात कोंबत तो म्हणाला. "बाहेर पाहुणे आहेत. माझं जुनं दुखणं आहे, मला फवारा लागू पडत नाही. लहानांना पडतो."

"कुणी सांगितलं?"

"विकणाऱ्याने."

"तुम्ही स्वतः घेऊन बघितला?"

त्याने शर्ट खाली ओढला. दाराशी रादोये दुन्याला कडेवर घेऊन उभा होता. तिने सगळं ऐकलं.

"संताच्या नावाचा पाव कापेपर्यंत तरी थांब," कूम म्हणाला. "पाद्री येतीलच. यजमान गेला तर काय म्हणतील लोक?"

मी मोटारीच्या किल्ल्या उचलल्या. भरल्या घरातून, संताची पेटती मेणबत्ती सोडून आम्ही निघालो. असं आमच्यात कोणी करत नाही. मी केलं. पुन्हा करीन.

संध्याकाळपर्यंत दुन्याच्या हाताला सलाईन होतं आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून काही तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. रादोये भिंतीकडे तोंड करून रडत होता. मी त्याला उगी म्हटलं नाही.

तेवढ्यात कूमचा फोन. "कशी आहे पोर? सगळे विचारताहेत. आपण नंतर शांतपणे बसून..."

"कोण आहे?" दुन्याने डोळे उघडले.

"कूम."

"त्यांना विचार ना, टोचताना त्यांना दुखतं का."

मी विचारलं. पलीकडे पेल्यांचा आवाज येत होता, कोणीतरी गात होतं.

"दुखतं," तो म्हणाला.

"माझी लेक घेते रोज चार," मी म्हटलं. "आजपासून तू तिचा कोणी नाहीस."