गालांच्या रंगाची वाटी

मित्रांनो, मी एक जुनी रंगपेटी आहे. सध्या माझा मुक्काम कपाटावर, एका फुटक्या टेबललॅम्पच्या शेजारी असतो. माझी एक बिजागरी निखळली आहे आणि पोटातल्या अठरा वाट्यांमधले रंग वाळून त्यांना भेगा पडल्या आहेत. अंगावर धूळ आहे, पण तिची तक्रार नाही. सलते आहे ती दुसरीच गोष्ट.

एका सुताराने खिडकीच्या चौकटीतून उरलेल्या लाकडात मला घडवलं. माझे मालक, आमचे चित्रकार, तेव्हा तरुण होते. माणसांचे चेहरे रंगवून ते पोट भरत. नाक, डोळे, हनुवटी इतकी हुबेहूब की आपलंच चित्र बघून माणूस सावरून बसे. पण त्यांना रंग नीट ओळखता येत नसत. हिरवा, तपकिरी, गुलाबी, करडा यांची त्यांच्या डोळ्यांत सरमिसळ होई. लग्नानंतर महिन्याभरातच त्यांच्या बायकोने हे पकडलं. त्यांनी काढलेल्या झाडाचं खोड हिरवंगार होतं आणि पानं तपकिरी. बाई आधी खळखळून हसल्या. मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि त्यांनी हसू आवरलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझ्या प्रत्येक खणाच्या कडेला एकेक चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर रंगाचं नाव नव्हतं, तो कशाला लागतो ते होतं. ओठ. गाल. केस. पानं. मानेखालची सावली. वाट्या भरायच्या त्या फक्त बाईंनी, आणि वाटीची जागा कधी बदलायची नाही, असा नियम ठरला.

"बाहेर कुणाला सांगू नका," बाई म्हणाल्या. "लोक चित्र बघायचं सोडून तुमचे डोळे बघत बसतील."

लेक झाली. लहान पोरीच्या पोटात काही राहायचं नाही म्हणून तिलाही सांगितलं नाही, आणि ती मोठी झाल्यावर सांगायचं राहूनच गेलं. तीस वर्षं असं चाललं. चित्रकारांच्या हाताला माझे खण पाठ झाले, चिठ्ठ्यांकडे बघायची गरज उरली नाही. "काय जिवंत गाल आहेत!" असं कुणी म्हटलं की बाई हळूच माझ्याकडे बघत. मीही तेव्हा जरा फुगत असे, खोटं कशाला बोलू?

मग बाई आजारी पडल्या. वर्षभर अंथरुणाला खिळल्या. शेवटी शेवटी त्यांचा चेहरा हिरवट करडा झाला होता. लेकीने सगळी सेवा केली. पण बाई गेल्याच.

काही महिन्यांनी चित्रकारांनी ठरवलं, बायकोचं चित्र काढायचं. आजारपणाआधीचं, हसरं. बाबा पुन्हा कामाला बसणार म्हणून लेकीला बरं वाटलं. त्यांना न सांगता तिने मला गरम पाण्याने स्वच्छ धुतलं. डागाळलेल्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या, त्यांवरची अक्षरं कधीच पुसली होती. वाट्या घासून, ताजे रंग भरून परत ठेवल्या. त्यात गालांची गुलाबी वाटी सावलीच्या खणात गेली आणि सावलीची हिरवट करडी वाटी गालांच्या खणात आली. मला सगळं दिसत होतं आणि मला तोंड नव्हतं.

अकरा दिवस चित्रकारांनी जीव ओतून काम केलं. मग लेकीला हाक मारली. ती दाराची चौकट धरून उभी राहिली. बाबांनी आईचे शेवटचे दिवस रंगवले आहेत, असं तिला वाटलं.

"छान झालंय, बाबा," एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ वाहत होता.

चित्राला चौकट बसवणारा कारागीर घरी आला. तो सरळ माणूस. म्हणाला, "साहेब, वहिनी आजारी असतानाचं आहे का हे? चेहरा फार हिरवट वाटतो."

 तो गेल्यावर चित्रकारांनी लेकीला बोलावलं आणि गालांच्या वाटीवर बोट ठेवलं.

"बाळ, हा रंग कुठला?"

"करडा. हिरवट करडा."

तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं. 

"मला का नाही सांगितलं, बाबा?"

"रंग सांगायला तुझी आई होती ना."

ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मी वाट्या लावून देते. तुम्ही फक्त गाल पुन्हा रंगवा."

चित्रकारांनी चित्राकडे बघितलं. "नको," ते म्हणाले. "मला ती यात ठणठणीत दिसते. आता हात लावायची भीती वाटते."

त्यांनी माझं झाकण लावलं ते कायमचं.

मित्रांनो, कुणाची वस्तू आवरायला घ्याल तेव्हा आधी त्या माणसाला विचारा. आणि तुम्हाला एखादी गोष्ट दिसत नसेल, तर ती घरात एकालाच सांगून थांबू नका.

ते चित्र समोरच्या भिंतीवर आहे. रोज सकाळी चित्रकार त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसतात आणि बरी झालेली बायको बघतात. लेक त्याच खोलीत केर काढते, पण मान वर करत नाही.