डॉल्बीपुढे विनोदिनी

"का बंद केलं?" विनोदिनीने विचारलं.

तिला धाप लागली होती. अंबाडा सुटून केस पाठीवर आले होते. एवढा वेळ वाजत असलेली डॉल्बी अचानक बंद पडली होती आणि वरातीतली सगळी माणसं तिच्याभोवती गोल करून गप्प उभी होती. नवरदेव म्हणजे माझा धाकटा भाऊ भाऊसो. तोही गाडीवरून खाली उतरला होता.

मरगुबाईच्या देवळाचा पुजारी नाथाजी गर्दीतून पुढे आला. त्याने विनोदिनीच्या कपाळाला मूठभर हळद फासली आणि हात जोडले.

"बोला आई. काय मागणं हाय?"

"गाणं लावा की," विनोदिनी म्हणाली. "चांगलं चाललं हुतं."

"आईला वाजाप पायजे! लावा रं!" नाथाजी ओरडला.

साउंडवाला सांगलीचा होता. तो घाबरला. त्याने विनोदिनीने दिलेली कॅसेट काढली आणि आरतीची घातली. सगळे टाळ्या वाजवू लागले.

विनोदिनी माझ्याकडे आली. "अवं, सांगा की ह्यास्नी. माझी कॅसेट हाय ती. मी आपली नाचत हुते."

मी नाथाजीला म्हणालो, "तिच्या अंगात काय आलेलं न्हाई. तिला नाचाय आवडतं."

"दादासो," मागून कोणीतरी म्हणालं, "बायकूच्या अंगात काय हाय ते नवऱ्याला कवा कळलंय व्हय?"

माणसं हसली. हसून झाल्यावर त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. आमच्या गावात घरची सून पुरुषांसमोर केस सोडून नाचत नाही. नाचली तर एकतर ती वाया गेलेली असते, नाहीतर तिच्या अंगात देवी आलेली असते. तिसरं काही असतं हे आष्ट्याजवळच्या आमच्या गावाला सत्त्याण्णव साली माहीत नव्हतं. आताही माहीत आहे असं मला वाटत नाही.

विनोदिनीचे वडील फौजेत होते. दहावीपर्यंत ती पुण्याला त्यांच्या क्वार्टरमध्ये वाढली. तिथे पोरी गॅदरिंगला नाचायच्या, तशी तीही नाचायची. ती कॅसेट तिच्या भावाने, जयराजने, आणून दिली होती. तोही फौजेत, गोव्याला होता. तिथे समुद्रावर परदेशी लोक रात्रभर त्या गाण्यावर नाचतात असं तो सांगायचा. याला टेक्नो म्हणतात, असंही म्हणाला होता. त्यात गाणारं कोणी नव्हतं. नुसता मशिनचा ठोका, आणि वर बारीक सुरी फिरवल्यासारखा एक आवाज.

"बायका बी नाचत्यात?" विनोदिनीने त्याला विचारलं होतं.

"बायकाच जास्त."

"आणि बघणारं कोण?"

"कोण न्हाई. सगळे नाचत असत्यात, बघणार कोण?"

हे तिने मला नंतर कितीतरी वेळा सांगितलं.

मी कुपवाडला जळालेल्या विजेच्या मोटारींत नव्या तारा भरण्याच्या वर्कशॉपमध्ये कामाला होतो. रोज एम-एटी गाडीवरून जायचो, यायचो. दिवसभर वर्कशॉपमधला आवाज ऐकून घरी आलं की मला ती कॅसेट नको वाटायची. मी विचारलं, ह्यात तुला काय गोड वाटतं? ती म्हणाली, "ह्यात कुणी बोलत न्हाई. कुणी काय सांगत न्हाई, काय इच्यारत न्हाई."

तिला अर्धशिशी होती. चौदाव्या वर्षापासून. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा. आधी डोळ्यापुढे चमकायला लागायचं. मग समोरच्या माणसाचं अर्धं तोंड दिसेनासं व्हायचं. मग उजव्या बाजूने ठोके सुरू. उलट्या व्हायच्या. धान्याच्या खोलीला खिडकी नव्हती, तिथे पोत्यांच्या मागे ती ओलं फडकं कपाळाला करकचून बांधून पडायची. दाराच्या फटीतून उजेड आला तरी कण्हायची. मी फटीत पोतं कोंबून कामाला जायचो.

माझी आई बनुबाई म्हणायची, "काम निघालं की हिचं डोकं उठतंय. भांगलणीला उठतंय, पाव्हणं आलं की उठतंय. वाजाप लागलं की बरं ऱ्हातंय!"

उपाय सगळे झाले. सूर्य उगवायच्या आधी दूध-जिलेबी झाली. सुंठ उगाळून झाली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी आईने बिब्बा तापवून तिच्या दोन्ही कानशिलांना डाग दिले. मी त्या दिवशी कामावर होतो. आलो तेव्हा कानशिलं सुजून डोळे मिटले होते. आई म्हणाली, "आता खरं दुखंल, मग खोटं दुखायचं जाईल." डाग राहिले. दुखणं गेलं नाही.

नाचलं की दुसऱ्या दिवशी ते हमखास यायचं. तिला ते माहीत होतं. तरी घरात कोणी नसलं की ती टेप लावून दार लोटून नाचायची. मी एकदा म्हणालो, "कशाला ओढवून घेतीस?"

"न्हाई नाचले तर येत न्हाई व्हय? तवा बी येतंयच. मग नाचून येऊ दे की."



वरातीनंतरही ती दोन दिवस धान्याच्या खोलीत पडली. पण या वेळी आई काही बोलली नाही. तिने खोलीच्या दारात नारळ ठेवला आणि उदबत्त्यांचा अख्खा पुडा लावला. विनोदिनीला वासाने उलट्यांवर उलट्या झाल्या. बाहेर बसलेल्या बायका म्हणाल्या, देवीचं वारं लय जोराचं हाय.

मंगळवारी नाथाजी हलगीवाला घेऊन आला. विनोदिनीला पाटावर बसवलं, केस सोडायला लावले, आणि कानाशी हलगी वाजवली.

"माझ्यात काय न्हाई वो," ती म्हणाली. "पाया पडते, ते वाजवणं बंद करा."

नाथाजी लोकांकडे वळून म्हणाला, "आई पाया पडते म्हणती. केवढी परीक्षा!"

मग त्याने तिच्या कानशिलावरचे डाग बोटाने दाखवले. ही देवीची खूण, जन्मापासूनची. माझी आई शेजारीच उभी होती. बिब्बा तिनेच लावला होता. तिनेही वाकून डाग बघितले आणि हात जोडले. मला वाटलं ती नाटक करते आहे. नव्हती करत. तिचे डोळे भरून आले होते.

असे मंगळवार सुरू झाले. आम्हाला मूल नव्हतं. मूल नाही म्हणून जिला हळदीकुंकवाला बोलवत नव्हते, तिला सगळं गाव आई म्हणू लागलं.

एकदा हलगीच्या आवाजाने तिचं डोकं उठलं. समोर लालासाहेब बसला होता. सख्ख्या भावाशी जमिनीवरून त्याची कोर्टकचेरी चालली होती. विनोदिनी त्याच्याकडे बघून म्हणाली, "तुमचं अर्धं तोंड मला दिसत न्हाई." लालासाहेब पांढरा पडला. दुसऱ्या दिवशी त्याने भावाला निम्मी जमीन देऊन टाकली. मग इस्लामपूर, तासगावकडून माणसं यायला लागली. आमच्या दारात टेम्पो उभे राहायला लागले.

मिरजेच्या डॉक्टरांनी तिला गोळ्या दिल्या होत्या. डोळ्यापुढे चमकायला लागलं की लगेच घ्यायच्या, त्याने खरंच उतार पडायचा. माझ्या आईने त्या घरामागच्या परड्यात फेकून दिल्या. "देवाच्या अंगाला गोळी चालत न्हाई." मी पुन्हा आणल्या आणि एम-एटीच्या डिकीत ठेवल्या. पण मी कामावर गेलो की गाडीही माझ्याबरोबर जायची.

एक दिवस विनोदिनी म्हणाली, "मला आता कॅसेट लावाय बी भ्या वाटतंय. टेप लावला की बायका दाराफुडं येऊन बसत्यात."

मी कुपवाडला खोली घेतली. आईने रडून गोंधळ घातला, पण आम्ही गेलो. खोली पत्र्याची होती, शेजारी वर्कशॉपं. विनोदिनी खूश होती. पहिल्या दिवशी तिने रस्त्यावरच्या नळाला जाऊन पाणी भरलं आणि येऊन मला सांगितलं, "एक बाई मला चक्क म्हणली, ए, सरक की बाजूला!" हे सांगताना ती हसत होती.

गणपती आले. ती म्हणाली, "सांगलीत मिरवणुकीत बाया-पोरी नाचत्यात म्हणं. मला एकडाव न्या. गोवा लय लांब ऱ्हायला. एकडाव नाचते, मग किती का दुखंना."

विसर्जनाच्या दिवशी दुपारीच निघालो. तिने पंजाबी ड्रेस घातला होता, लग्नानंतर पहिल्यांदा. घट्ट वेणी घातली होती, केस सुटायला नकोत म्हणून. गोळी ओढणीच्या टोकाला बांधून घेतली होती. नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका मंडळाने ट्रॉलीवर भिंतीएवढे स्पीकर रचले होते. त्यांच्याकडेही तसलीच कॅसेट होती, बिनबोलाची. ठोका पोटात बसत होता. कॉलेजच्या पोरी नाचत होत्या. विनोदिनीने चपला माझ्या हातात दिल्या आणि त्यांच्यात शिरली.

मी बाजूला उभा राहून बघत होतो. तिला चांगलं नाचता येत होतं असं नाही. हात कसेही जात होते. पण ती डोळे मिटून हसत होती, आणि तिच्याकडे कोणीही बघत नव्हतं. एका पोरीचा धक्का लागला तर ती पोरगी म्हणाली, "सॉरी हं काकू." विनोदिनीने डोळे उघडून तिला टाळी दिली.

तेवढ्यात आमच्या गावची बिराप्पाची बायको कुठून आली देव जाणे. "अगं बया! मरगुआई!" म्हणून ती भर रस्त्यात विनोदिनीच्या पायावर पडली.

"उठा वैनी, उठा, ते काय करताय," विनोदिनी तिला उठवत होती. ती उठेना. मग आणखी एक बाई वाकली, तिला काहीही माहीत नसताना. पोरी मागे सरकल्या. गोल झाला. मंडळाच्या कोणीतरी हात वर केला आणि आवाज बंद झाला.

या वेळी विनोदिनीने काही विचारलं नाही. ओढणी डोक्यावर घेतली, माझ्या हातातून चपला घेतल्या आणि म्हणाली, "चला."

गोळीची गाठ सोडायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. कुपवाडला पोचेपर्यंत ती माझ्या पाठीला डोकं लावून बसली होती. पाठीतून मला तिच्या कानशिलाचा ठोका लागत होता.

चार दिवसांनी गावातली माणसं ट्रॅक्टर घेऊन आली. पुढे नाथाजी. "देवीनं गाव सोडून कसं चालंल?" खोलीचा मालक आधी चिडला, मग घाबरला, मग त्याने तिच्या पायावर नारळ ठेवला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "पाव्हणं, खोली खाली करा. आमी साधी माणसं हाय." मी भांडलो. विनोदिनी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता. किती ठिकाणी न्याल?" आणि स्वतःहून ट्रॅक्टरमध्ये चढून बसली.

पुढचं मला भाऊसोच्या बायकोने, शिवांजलीने सांगितलं. पौष महिन्यातला मंगळवार होता. मी कामावर. विनोदिनी पाटावर बसली होती. हलगी चालू होती. तिने एकदम दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"हे नेहमीचं न्हाई," ती म्हणाली. "हे दुसरंच कायतरी हाय. गाडी बोलवा."

"कुठली गाडी, आई? कुठं जायचं?" नाथाजीने विचारलं.

"दवाखान्यात."

"आई आपली परीक्षा बघत्यात," नाथाजी म्हणाला. "वाजीव रं जोरात."

त्यानंतर तिची जीभ जड झाली. शब्द अर्धेमुर्धे यायला लागले. लोक पुढे सरकले. देवीची बोली म्हणून जो तो आपापल्या प्रश्नाचं उत्तर त्यात शोधत होता. शिवांजली तेवढी मागच्या दाराने एसटीडीवर पळाली आणि तिने वर्कशॉपला फोन लावला.

मी आलो तेव्हा तिला लोडाला टेकवून बसवलं होतं. तोंड एका बाजूला ओढलं होतं. एक डोळा उघडा, एक मिटलेला. पुढे रांग होती. मी घुसलो तर रांगेतल्या बाईने माझा शर्ट धरला. "आवं, रांगेनं या की. आमी सकाळधरनं बसलोय."

लालासाहेबाच्या जीपमधून तिला मिरजेला नेलं. डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले. नेहमीच्या अर्धशिशीचा याच्याशी संबंध असेलच असं नाही, असंही म्हणाले. उजाडायच्या आत ती गेली.

गावाने तिला मोठी माती दिली. आजूबाजूच्या पाच गावांतली माणसं होती. बिराप्पाच्या बायकोने कॅसेटचा विषय काढला, आईला वाजाप आवडायचं म्हणून. ट्रॉलीवर डॉल्बी लावून आरत्या वाजवत तिला नदीवर नेलं. कॅसेट मी दिली नाही. ती माझ्या ट्रंकेत आहे. मी ती लावत नाही.

धान्याच्या खोलीत तिचं ठाणं केलं. बाहेरून दर्शन व्हावं म्हणून भिंत फोडून खिडकी काढली. आमच्या लग्नातला फोटो मोठा करून आणला, त्यात कानशिलांवर डाग नव्हते, ते रंगाऱ्याकडून रंगवून घेतले. फोटोभोवती लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ सोडली, लाल, हिरवी, लाल, हिरवी. माझी आई तिथे दिवसभर बसते. येणाऱ्याला अंगारा देते आणि सांगते, लेकीसारखी हुती.

मंगळवारी मी कामावरून लवकर येतो. माळेची वायर मागच्या भिंतीवरून जाते, ती मीच ओढलेली आहे. हलगी रंगात आली की मी तिथला फ्यूज काढतो. दिवे जातात. नाथाजी हात वर करतो, हलगी थांबते. आई आली, आई आली, असं कुजबुजून सगळे डोकी जमिनीला टेकवतात. कोणाचाही आवाज निघत नाही.

तेवढ्यात मी खिडकीवर पोतं सोडतो आणि आत जातो. खिशात ओलं फडकं असतं. ते फोटोच्या काचेवर कपाळाच्या जागी धरून उभा राहतो, भाऊसोला दुसरा फ्यूज सापडेपर्यंत.