तिसऱ्या बेसवर कुणी नव्हतं

भावजींनी डावा हात कॅचरच्या पाठीवर टेकवला आणि बॉल येऊन गेला तरी काढला नाही.

बेसबॉलच्या त्या मैदानावर पिचरच्या मागे, दुसऱ्या बेसच्या अलीकडे दुसरा पंच म्हणून वाकून उभ्या असलेल्या तिला ते स्पष्ट दिसलं. कॅचरलाही खटकलं असावं. त्याने खांदा किंचित हलवला, तेव्हा कुठे हात निघाला. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. दोन-अडीचशे माणसं होती, पण त्यांचे डोळे बॅटरवर होते. पंचाकडे लोक बघतात ते शिव्या घालायच्या वेळी.

प्लेटमागे, म्हणजे बॅटरपाशी जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या प्लेटच्या मागे, उभं राहणाऱ्या पंचाने कॅचरला हात लावायचा नाही, तो काही आपली भिंत नाही, हे तिला भावजींनीच शिकवलं होतं. सात वर्षांपूर्वी ती नुसती स्कोअर लिहायला यायची. कपड्यांच्या कारखान्यात ती कटिंगला होती. अर्ध्या इंचाचा फरक तिला लांबून कळायचा, आणि तिचे आकडे कधी चुकायचे नाहीत. एक दिवस दुसरा पंच आलाच नाही, तेव्हा दिराने आपली जादा टोपी तिच्यापुढे धरली. घरात त्यावर चार दिवस हसले सगळे. नवरा म्हणाला, घरात हिचा निर्णय शेवटचा असतोच, आता बाहेरही सुरू. तेव्हापासून भावजी प्लेटमागे आणि ती बेसवर, अशी जोडी ठरून गेली होती.

आज सकाळी धाकट्या जावेचा फोन आला. तीन आठवड्यांपूर्वी सरावाच्या सामन्यात एक फाउल बॉल भावजींच्या मास्कवर कपाळापाशी बसला होता, एवढं तिला ठाऊक होतं. पुढचं जावेने सांगितलं. मेंदूला हिसका बसला आहे, सहा आठवडे प्लेटमागे उभं राहायचं नाही, आणि एवढ्यात दुसरा फटका बसला तर मग माझ्याकडे आणू नका, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. भावजींनी तो कागद कपाटात टाकला. पंच मंडळाला कळवलं नाही. घरात चालताना भिंत धरतात, कुकरची शिट्टी झाली की डोळे मिटतात, असं सांगताना जावेचा आवाज खाली गेला होता.

"ताई, मी सांगितलं म्हणून सांगू नका. फक्त लक्ष ठेवा."

लक्ष ठेवून करायचं काय, ते जावेने सांगितलं नव्हतं. कपडे बदलायच्या खोलीत तिने आडवळणाने विचारून पाहिलं, की आज प्लेटमागे मी उभी राहू का. भावजी नडगीच्या पॅडचे पट्टे आवळत होते. मान वर न करता म्हणाले, का, बेसवर ऊन लागतं का वहिनी. ती हसली. जावेचं नाव न घेता पुढे काय बोलायचं, ते तिला सुचलं नाही. आणि नाव घेऊन मंडळाकडे जावं, तर दुखणं लपवून मैदानात उतरलेल्या पंचाचं नाव यादीतून कायमचं जातं. सव्वीस वर्षं ते त्या यादीत होते.

आता तिसरी इनिंग चालू होती, आणि भावजी चुकीच्या जागी उभे होते.

प्लेटमागचा पंच कॅचरच्या बरोबर पाठीमागे उभा राहत नाही. कॅचर आणि बॅटर यांच्यामध्ये वीतभर फट असते, त्या फटीत तो डोकं धरतो. तिथून बॉल पिचरच्या हातातून सुटल्यापासून ग्लोव्हमध्ये पडेपर्यंत दिसतो. पण त्या फटीत पुढे आडोसा नसतो. बॉल बॅटला चाटून आला तर थेट तोंडावर. भावजी त्या फटीतून हळूहळू सरकत कॅचरच्या मागे लपले होते. तिथून प्लेटची बाहेरची, बॅटरपासून लांबची आणि खालची बाजू दिसणं शक्यच नव्हतं. मध्ये कॅचरचा खांदा येतो. ते ग्लोव्ह बघून सांगत होते. ग्लोव्ह जागच्या जागी थांबला की बॉल प्लेटवरून आला असं धरून हात वर. स्ट्राइक.

कॅचरच्या ते एका इनिंगमध्ये ध्यानात आलं. त्याला सगळे बडबड्या म्हणायचे, पण कामाचा पक्का होता. तो बाहेरचा बॉल घेऊन ग्लोव्ह खिळ्यासारखा धरून ठेवायला लागला. दुसऱ्या टीमच्या कॅचरने बघून बघून तेच केलं. दोन्हीकडचे बॅटर प्लेटकडे बघत, मान हलवत परत जाऊ लागले.

चौथ्या इनिंगमध्ये एक बॉल बॅटला चाटून भावजींच्या खांद्यावर आदळला. आवाज मैदानभर गेला. भावजी एक पाऊल मागे गेले आणि उभे राहिले. बडबड्याने लगेच मास्क वर सरकवला आणि काही काम नसताना पिचरकडे चालत गेला. पंचाला लागलं की कॅचर असा उगाच फेरी मारून येतो. पंचाला श्वास घ्यायला वेळ मिळतो, आणि कुणाला काही म्हणावं लागत नाही. त्या वेळात ती प्लेटपाशी पोचली.

"कुठे लागला?"

"पॅडला लागला. तुम्ही जागा सोडून का आलात?"

"भावजी, घरी जाऊ या."

मैदानावर ती त्यांना भावजी म्हणत नसे. तसं ठरलं होतं. त्यांनी मास्कच्या जाळीतून तिच्याकडे पाहिलं.

"बोलली वाटतं ती."

भावजी खाली वाकले, ब्रशने प्लेटवरची माती झाडू लागले. प्लेट स्वच्छ होती.

"एवढा सामना होऊ दे वहिनी. उद्या मी स्वतः मंडळात जाऊन सांगतो. तासाभराचा तर प्रश्न आहे."

प्लेटमागचा पंच हा मुख्य पंच. त्याला बाजूला करायचा अधिकार तिला नव्हता. तरी ती तिथेच उभी राहिली असती तर काय झालं असतं, कोण जाणे. पण बडबड्या परत आला, पिचरने माती पायाने सारखी केली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ती आपल्या जागेवर गेली. त्यानंतर प्रत्येक बॉलला तिची नजर आधी भावजींच्या मास्ककडे जायची, मग बॉलकडे. एका धावणाऱ्याला तिने आउट दिलं ते नुसत्या आवाजावर. ते बरोबर निघालं, पण नशिबाने.

सहाव्या इनिंगमध्ये सगळे बेस रिकामे असताना बॅटरने उजवीकडे लांब बॉल मारला. बेस रिकामे म्हणजे पळणारा एकच, बॅटर, आणि तो तिचा. ती पहिल्या बेसपासून आत धावली, त्याच्याबरोबर वळली, तो दुसऱ्या बेसवर पोचला. सेफ. तिने हात पसरले. तेवढ्यात लोक हसले.

भावजी तिसऱ्या बेसपाशी होते. मास्क हातात काढून घेतलेला, गुडघे वाकवलेले, नजर बेसवर. पहिल्या बेसवर धावणारा असला तर अशा फटक्यावर प्लेटमागच्या पंचाने तिसऱ्या बेसकडे धावायचं असतं, आणि सव्वीस वर्षं ते तसेच धावले होते. आत्ताही अगदी वेळेवर पोचले होते. त्यांनी दोन्ही हात जोरात पसरून सेफ दिला. तिथे कुणी नव्हतं.

तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूने इकडेतिकडे पाहिलं. तो टवाळी करत नव्हता. त्याला खरंच कळेना.

"काका, सेफ कोण?"

तिने हात वर करून खेळ थांबवला आणि चालत निघाली. धावली असती तर सगळ्यांना काहीतरी कळलं असतं. तिने त्या खेळाडूला पाणी पिऊन यायला सांगितलं. भावजी अजून बेसकडेच बघत होते.

"पहिल्यावर होता ना एक?" ते म्हणाले.

"मागच्या इनिंगला होता. आत्ता नव्हता कुणी."

"घसरत आला की. धूळ उडाली."

तिने खाली पाहिलं. बेसच्या भोवतीची माती कुणी हात न लावल्यासारखी होती. तिने पाहिलं ते त्यांनीही पाहिलं. त्यांनी मास्क एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, परत पहिल्या हातात घेतला. त्यांच्या ओठांवर पांढरट पापुद्रा आला होता.

पंचाने विचारल्याशिवाय जोडीदाराने त्याच्या निर्णयावर बोलायचं नाही, असा नियम आहे. सात वर्षांत भावजींनी तिला कधी विचारलं नव्हतं.

"वहिनी," ते म्हणाले, "मी काय करू?"

"मास्क द्या इकडे."

त्यांनी दिला. मग छातीचं पॅड सोडायला हात मागे नेला, तो बकलापर्यंत पोचेना. तिने सोडवलं. दोन्ही टीमचे प्रशिक्षक आपापल्या बाजूने निघाले होते.

"काय सांगायचं त्यांना?"

"पायात गोळा आलाय," ती म्हणाली. खोटं इतक्या चटकन जिभेवर येईल असं तिला वाटलं नव्हतं.

भावजी लंगडत निघाले. अर्ध्या वाटेत त्यांनी लंगडायचा पाय बदलला. कुणी पाहिलं नाही. स्कोअर लिहिणाऱ्याच्या टेबलाशी त्यांना खुर्ची मिळाली, नडगीची पॅड त्यांनी बसून काढून दिली, आणि तिने त्या माणसाला बाजूला घेऊन जावेला फोन करायला सांगितलं, दिराला एकटं सोडू नको म्हणून बजावलं. सामन्याचा अहवाल मुख्य पंचाने लिहायचा असतो. तो कागद भावजींपुढे पुठ्ठ्यावर लावून ठेवला होता. मधेच पंच का बदलला, त्याचं कारण लिहायला तीन ओळींची जागा असते. पायात गोळा, एवढे दोन शब्द लिहून भावजींनी पेन खाली ठेवलं.

छातीचं पॅड आतून ओलं आणि गरम होतं. पट्टे चार बोटं आवळावे लागले. मास्कच्या आत घामाचा आणि चामड्याचा वास होता. आता पंच ती एकटीच, बेसही तिथूनच बघायचे होते. ती प्लेटमागे जाऊन उभी राहिली, तेव्हा बडबड्या मान न वळवता म्हणाला,

"पंचबाई, बाहेरचा खालचा आज मिळतोय, बरं का. दोन्हीकडे. कुणाची तक्रार नाही."

तिने फटीत डोकं धरलं. पुढे आडोसा नव्हता.

उरलेली सहावी इनिंग सरळ गेली. सातवी शेवटची. बडबड्याची टीम एका धावेने पुढे होती. समोरची टीम बॅटिंगला आली, दोघे आउट झाले, आणि मग एकेक करत तिन्ही बेस भरले. शेवटच्या बॅटरला प्लेटबाहेरचे म्हणून दिलेले तीन बॉल आणि दोन स्ट्राइक झाले. आता तिसरा स्ट्राइक झाला तर बॅटर आउट, सामना संपला. चौथा बॉल झाला तर बॅटरला पहिला बेस फुकट, सगळे एकेक बेस पुढे, आणि बरोबरी.

पिचरने हात मागे नेला. बॉल सुटला तेव्हाच तिला कळलं कुठे येतोय तो. बाहेर, खाली. बॅटरने बॅट अर्धी आणून थांबवली. प्लेटच्या कडेपासून बॉलभर बाहेरून तो गेला आणि ग्लोव्हमध्ये पडला. बडबड्याने ग्लोव्ह हलवला नाही. भावजी प्लेटमागे होते तोवर त्याने तो असाच धरून ठेवला होता, आणि तोवर तो स्ट्राइक होता.

कारखान्यात पहिला थर अर्धा इंच चुकून कापला गेला, तर पुढचे सगळे तसेच चुकवून कापतात. तुकडे एकमेकांना जुळायला हवेत. तिने असे शेकडो शर्ट कापले होते.

बॅटर वळून तिच्याकडे बघत होता. बडबड्याचा ग्लोव्ह हवेत होता.

"बॉल," ती म्हणाली.

तिसऱ्या बेसवरचा धावणारा चालत प्लेटवर आला, बरोबरी झाली. एकीकडून आरडाओरडा झाला. दुसरीकडून बडबड्याचा प्रशिक्षक बाहेर आला. स्ट्राइक-बॉलवर वाद घालता येत नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून तो आवाज न चढवता बोलला, आणि त्याचंच तिला जास्त लागलं.

"इतका वेळ हाच बॉल स्ट्राइक होता, बाई. माझी चार पोरं याच बॉलवर आउट झाली. मी एक शब्द बोललो का?"

"नाही."

"मग आत्ता मधेच काय बदललं?"

तिने मास्क काढला. उत्तर तिच्यापाशी होतं, पण ते सांगायचा हक्क तिचा नव्हता. प्रशिक्षकाची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे, टेबलाकडे गेली, आणि तीही वळली.

भावजींनी अहवालाचा कागद पुन्हा पुढे ओढला होता. लिहिलेल्या दोन शब्दांवर त्यांनी एक आडवी रेघ मारली. मग कपाळ एका हातात धरून ते लिहायला लागले. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसरी संपली तेव्हा त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत राहिले.