तहानलेली नाव

मित्रांनो, मी नाव आहे, वयाने जुनी आणि स्वभावाने जरा चिडकी. महानदीकाठच्या मंगल केवटाने सालवृक्षाच्या फळ्या जोडून मला घडवलं. वीस वर्षं मी राजिमच्या जत्रेला माणसं नेली, बकऱ्या नेल्या, एकदा तर वरातीतला अख्खा बँड पार केला. मग पूल झाला. मंगल वारला, मी काठावर उपडी पडले आणि कोंबड्या माझ्या पोटाखाली अंडी घालू लागल्या. काय दिवस आले म्हणायचे!

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, तेव्हा तिथल्या तात्यापारा या मराठी वस्तीतले निवृत्त सर्वेक्षक नरहरराव यांच्या डोक्यात मोहीम शिरली. महानदीतून निघायचं, नाव ट्रॅक्टरवर घालून केशकाल घाट ओलांडायचा आणि पलीकडे इंद्रावतीत उतरायचं. मंगलच्या बायकोकडून, कलावतीकडून, त्यांनी मला मागून आणलं.

नरहररावांची माया फार, पण अक्कल वाळवणाची! मी कुजू नये म्हणून त्यांनी मला महिनाभर अंगणात कुरडयांसारखं वाळवलं आणि वर निळा रंग चोपडला. निघण्याच्या आदल्या दिवशी बूढा तालाबात सोडलं, तर फटीफटीतून पाणी आत. मोहिमेतले सोबती म्हणाले, रबरी बोट घेऊ, हिची लाकडं जळणाला जातील. नरहरराव पायरीवर मटकन बसले. मला तर रडूच फुटलं.

निरोप द्यायला कलावती आली होती. नवऱ्याच्या हातची ही एवढीच नाव उरली होती. तिने माझ्या फळीवर हात ठेवला.

"डोंगा पियासे हे, साहब. पानी पियन दे."

लाकूड सुकलं की आकसतं, भिजलं की फुगून फटी मिटवतं, हे नदीकाठी सगळ्यांना ठाऊक असतं. नरहरराव खाली मान घालून म्हणाले, "म्हणजे मीच हिले तहानेनं मारून राहिलो होतो." चोपडलेला निळा रंग त्यांनी स्वतः खरवडला आणि माझ्यात दगड भरून मला तळ्यात बुडवलं. मोहीम आठ दिवस लांबली. ते रोज सकाळी पायरीवर येऊन बसायचे.

नवव्या दिवशी मला वर काढून पुन्हा सोडलं. आत थेंब नाही. कलावती पदराने डोळे पुसत हसली, आणि आमच्याबरोबर निघालीच.

महानदी मागे टाकली आणि घाटात ट्रॅक्टर बंद पडला; सोबती मिस्त्री आणायला गेले. दुपारचं ऊन, प्यायच्या पाण्याचा एकच डबा शिल्लक. नरहररावांनी अर्धं कलावतीला दिलं, उरलेलं, मी सुकू नये म्हणून माझ्यावर अंथरलेल्या गोणपाटावर ओतलं आणि स्वतः ओठ चाटत बसले.

म्हणून सांगते, मित्रांनो, कुणाला जीव लावाल तर त्याला काय हवंय ते आधी विचारा. ट्रॅक्टर सुरू होऊन संध्याकाळी मी इंद्रावतीत उतरले, तेव्हा माझ्यात एक थेंब शिरला नाही. नरहरराव मात्र काठावर ओणवे होऊन ओंजळीमागून ओंजळ पीत होते.