गाडगे यांची लेखी परवानगी

मी एक कार्ड बोलतोय. रेशनचं नाही आणि पत्त्यांच्या डावातलंही नाही. मी संदर्भाचं कार्ड. शास्त्राचा लेख लिहिणारे लोक शेवटी 'हे आधी अमक्यानं सांगितलंय' असं नोंदवतात ना, ती नोंद माझ्या अंगावर असते. आडनाव आधी, मग नावाची अक्षरं, मग साल, लेखाचं नाव, नियतकालिक, पानं. यात एक स्वल्पविराम जरी इकडचा तिकडे झाला तरी मला खाज सुटते. स्वभावच तसा, काय करणार!

पुण्यातल्या एका छापखान्यात मी जन्मलो आणि जुन्नरच्या एका दुकानात गठ्ठ्यात बांधलेला पडून होतो. तिथून मला उचललं निमगाव साव्याच्या नूतन गाडगेनं. शेतकऱ्याची मुलगी, वनस्पतिशास्त्र शिकणारी. नाचणीवर करपा कसा पडतो हे बघायला ती घाटघरला जायची आणि सावळेराम नावाच्या शेतकऱ्याच्या वावरात दिवसदिवस वाकून पानावरचे ठिपके तपासायची.

१९९३ साली तिचा पहिला लेख छापून आला. अंक हातात पडला तेव्हा पेढे राहिले बाजूला; तिनं आधी मला काढलं आणि स्वतःचाच संदर्भ माझ्यावर इंग्रजीत लिहिला. गाडगे, एन. बी., १९९३. तोवर तिचा संदर्भ जगात कुणीही दिलेला नव्हता. बुटांच्या खोक्यात इतर कार्डांत तिनं मला आद्याक्षर बघून बरोबर जागी खोचलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, कळंबच्या सुदर्शन भालेरावांशी. मांडवात ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहिलं: वृषाली. कारण साधं होतं. थोरल्या जावेचं नावही नूतनच. सासूबाई कुशाबाई म्हणाल्या होत्या, "एका घरात दोन नूतन? हाक मारली की दोघी बी यायच्या. न्हाई जमायचं." म्हणणं व्यवहाराचं होतं, त्यामुळे कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. नवरीही हसली म्हणे.

आमचं खोकं तिच्या ट्रंकेतून कळंबला आलं आणि माळ्यावर गेलं. पुढं सार्थक आणि समृद्धी, तिची मुलं, आम्हाला घेऊन एसटी-एसटी खेळली. मी बरेच दिवस मंचरचं तिकीट होतो. माझा एक कोपरा समृद्धीनं चावलाय. कुशाबाईंनी एकदा हळदीचा डबा माझ्यावर ठेवला, तो पिवळा गोल अजून आहे. मला त्याचा राग नाही. वाईट याचंच वाटायचं, की खाली वृषाली नावाची बाई दिवसभर राबत होती आणि नूतन माझ्याबरोबर माळ्यावर पडून होती.

मुलं मोठी झाली तशी ती मंचरच्या एका कॉलेजात तासावर शिकवायला लागली. सगळे ओळखीचे, त्यामुळे नाव बदलल्याचा कागद कुणी मागितला नाही. मग २००७ साली ती पुन्हा घाटघरला गेली. सावळेराम लांबूनच ओरडले, "आरं, नूतनताई! लई दिसांनी!" तिकडं वृषालीची खबर पोचलीच नव्हती. त्याच वावरात तिनं पुन्हा करपा तपासला, तेव्हाचा आणि आताचा ताडून पाहिला आणि नवा लेख लिहिला. मला माळ्यावरून काढलं, पुसलं आणि कॉम्प्युटरवर संदर्भांच्या यादीत घातलं. लेखिका भालेराव, यादीत गाडगे. दुसरं काय करणार? नाव जसं छापलंय तसंच द्यायचं, हा आमच्यातला कायदा आहे.

महिनाभरानं तपासणाऱ्या तज्ज्ञाचं उत्तर आलं. लेख चांगला आहे, परंतु तो गाडगे यांच्या कामावर उभा आहे. त्यांच्या न छापलेल्या नोंदीही वापरलेल्या दिसतात. गाडगे यांची लेखी परवानगी जोडावी, नाहीतर लेख परत.

सुदर्शनराव पोट धरून हसले. "अगं, मग देऊन टाक की तूच तुला परवानगी!"

ती हसली नाही. "माझंच काम मी चोरलंय, असं म्हणतायत ते," ती म्हणाली.

तिनं संपादकांना कळवलं, की गाडगे म्हणजे मीच. त्यांनी सभ्यपणे पुरावा मागितला. पदवीवर नूतन गाडगे, कॉलेजात वृषाली भालेराव. लग्नपत्रिकेतही नूतनच, कारण नवं नाव मांडवात आलं. दोघींना जोडणारा कागदच घरात नव्हता. जुन्या नोंदी काढल्या असत्या तर लेखात काही उरलं नसतं, आणि ठेवल्या तर ती चोर ठरत होती.

कुशाबाई लसूण सोलत ऐकत होत्या. "म्हंजी गाडग्यांची नूतन कोन, आसं इचारत्यात?"

"हो, आई."

"मंग सांग की तू हाईस म्हून."

"सांगितलं. माझं कुणी मानत नाही."

म्हातारीनं लसणाचं सूप बाजूला सारलं. "नाव म्या बदलाया लावलं व्हतं. म्याच सांगती. चल."

दोघी एसटीनं घोडेगावला गेल्या, तहसीलच्या बाहेर प्रतिज्ञापत्र करून देतात तिथं. जुन्या नावाचं जे जे सापडलं ते तिनं पर्समध्ये कोंबलं होतं, त्यात मीही होतो. टाइप करणाऱ्यानं विचारलं, "आजी, सुनेचं आधीचं नाव?"

"नूतन," कुशाबाई म्हणाल्या. या सुनेला त्या नावानं त्यांनी कधी हाक मारली नव्हती. "नीट लिव्ह, बाबा. नूतन भगवंत गाडगे. लई शिकल्याली हाय. घाटघरच्या नाचनीचं समदं तिनंच लिवलंय."

"आजी, एवढं नसतं लिहायचं यात."

"मंग काय कामाचा तुजा कागुद?"

पर्समध्ये एक हात आला आणि त्यानं मला घट्ट धरलं. 

घरी आल्यावर कुशाबाई ओट्यावर टेकल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "नूतन, पानी आण गं!" आतून दोघी जावा आल्या, हातात तांब्या घेऊन. म्हातारी दोन्हींतलं घोटघोट प्याली.

लेख छापून आला. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, लेखिकेचं पूर्वीचं लेखन नूतन गाडगे या नावानं. तिनं त्याचं नवं कार्ड केलं. आता मी म्हातारा झालोय. हल्ली संदर्भ कॉम्प्युटर आपसूक लावतो, असं ऐकतो. तुमच्या यादीत एखाद्या बाईचं नाव येऊन मधेच बंद झालेलं दिसलं, तर ती संपली असं समजू नका. जरा चौकशी करा, एवढंच माझं मागणं.

इंग्रजी क्रमानं भालेराव आधी आणि गाडगे नंतर. मधे चव्हाण, देशमुख अशी बरीच मंडळी. नवं कार्ड खोक्यात ठेवताना तिनं मला माझ्या जागेवरून काढलं आणि त्याच्या पाठीला लावून ठेवलं. क्रम साफ चुकलाय. मला खाज सुटलेली नाही.