निरुपद्रवी अक्षर

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘भिंग’ म्हणत. जनुकातलं कुठलं अक्षर बदललं, कुठलं गळलं आणि त्यानं शरीरातलं प्रथिन कसं बिघडेल, हे अहवालात लिहिणं हे तिचं अकरा वर्षांचं काम. तिच्या नजरेतून काही सुटत नाही, असा लौकिक होता.

त्या दुपारी चार वर्षांच्या एका मुलीची फाइल आली. पायांत जोर नाही, जिना चढताना मध्येच बसते. फाइलला थोरल्या भावाचा, याच तक्रारीसाठी केलेला, सहा वर्षांपूर्वीचा अहवाल टाचलेला होता. ‘एक अक्षर बदललेलं, पण प्रथिन तेच बनतं. बदल निरुपद्रवी.’ खाली सही भिंगचीच.

या वेळी डॉक्टरांनी स्नायूचा तुकडाही पाठवला होता. पेशी जनुकातला मजकूर प्रत्यक्षात कसा वाचते, ते त्यावरून कळणार होतं. निकाल पडद्यावर आला. बदललेलं अक्षर नेमकं मजकुराच्या दोन तुकड्यांच्या सांध्यावर होतं. त्यामुळे पेशी एक अख्खा तुकडाच वगळत होती. पुढची तीन-तीन अक्षरांची मांडणी सरकत होती आणि भलतीकडेच पूर्णविराम लागून प्रथिन अर्ध्यावर तुटत होतं. तिनं नमुन्याचा क्रमांक तीनदा ताडून पाहिला.

“तेव्हा असं अक्षर सगळेच निरुपद्रवी धरायचे,” विभागप्रमुख बाई म्हणाल्या. “तू एकटी नाहीस.”

“सही माझ्या एकटीची आहे, मॅडम.”

दुसऱ्या दिवशी रुग्णालयात डॉक्टरांशेजारी तीही बसली. समोर आई, मांडीवर मुलगी. डॉक्टरांनी सांगितलं, मग भिंगनं.

“पण ताई, काही नाही असं तुम्हीच लिहिलं होतं ना?” आई म्हणाली. “तो कागद आम्ही जपून ठेवलाय.”

“हो. मी चुकले.”

“त्या कागदावर विसंबूनच आम्ही हिला...” आई थांबली. तिनं मुलीच्या कानांवर दोन्ही हात ठेवले.

मग आई अगदी हळू म्हणाली, “माझी धाकटी बहीण माझीच जाऊ आहे. तिला तिसरा महिना लागलाय. तिलाही मी तोच कागद दाखवला होता.”

“त्यांना आत्ता फोन लावा,” भिंग उठत म्हणाली. “नवरा-बायको दोघांचं रक्त आजच घेते.”

चार दिवसांनी निकाल आला. बहिणीच्या नवऱ्यात ते अक्षर होतं, पण बहिणीत नव्हतं. आई-बाप दोघांकडून आलं तरच आजार होतो, त्यामुळे बाळाला धोका नव्हता. फोनवर ऐकताना बहीण रडू लागली. फोन मुलीच्या आईनं घेतला.

“आणि माझ्या दोन्ही मुलांचं?”

“पक्कं आहे, ताई. दोघांनाही आहे.”

पलीकडून फोन ठेवला गेला नाही. भिंग तशीच फोन कानाला लावून उभी राहिली.

संध्याकाळी तिनं कपाट उघडलं आणि ‘निरुपद्रवी’ असं लिहून सही केलेला आपला प्रत्येक अहवाल बाहेर काढायला घेतला. पहिल्या दिवशी नऊ निघाले. त्यांतल्या दोनांत बदललेलं अक्षर सांध्यालगतच होतं; ते तिनं वेगळे ठेवले.